कारणाचा रकाना

त्यांच्या वहीत पाच रकाने होते: तारीख, वेळ, कोणाचा फोटो, शेवटचा अंक आणि कारण. पहिले चार निळ्या शाईने भरलेले असत, पाचवा कोरा. वही लांबट होती, शाळेत हजेरीसाठी असते तशी. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिची दोन पाने भरली होती. ते कार्यालय सोडून गेले त्या दिवशी एकतीस भरली होती. पाचव्या रकान्यात तोवर एक अक्षरही पडले नव्हते.

वहीत नोंद होती ती एका प्रोग्रामच्या बंद पडण्याची. प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा झाल्यावर काही काळाने आमच्या वर्तमानपत्राच्या जिल्हा पानांचेही दोन भाग झाले. भंडाऱ्याची पाने भंडाऱ्यातच जुळवून संध्याकाळी सातच्या आत फोनच्या तारेवरून नागपूरच्या छापखान्यात पाठवायची, असे ठरले. त्यासाठी कार्यालयात तीन संगणक, एक स्कॅनर, दोन ऑपरेटर आणि हे गृहस्थ आले. त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात पदाच्या जागी ‘संगणक’ एवढाच शब्द होता. मी त्या पानांवर उपसंपादक होतो. त्यांना समोर सगळे सर म्हणत आणि पाठीमागे सोळावाले.

उंच, किंचित वाकलेले, चाळिशीच्या आतबाहेरचे गृहस्थ. शर्टाची वरची गुंडी नेहमी लावलेली. बसायची जागा मागच्या खोलीत, जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांमध्ये. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचत. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला तर तब्येत विचारण्याआधी त्याच्या गाडीच्या नंबरकडे पाहत आणि त्यातला शेवटचा अंक पुटपुटत. यात ज्योतिषाचा भाग नव्हता. दिवसभर शेवटचे अंक पाहण्याची सवय डोळ्यांना लागली होती, इतकेच.

एका शब्दाला त्यांच्या खोलीत बंदी होती. तो शब्द ‘आपोआप’. संगणक आपोआप बंद झाला, फाईल आपोआप गेली, असे कोणी म्हटले की ते त्याला थांबवत आणि वाक्य नव्याने म्हणायला लावत. “आपोआप काहीच होत नाही. आधी काय केलं ते सांगा.” वितरण विभागातला एक जण त्यांना डिवचायला मुद्दाम सांगे, “सर, माही सायकल आपोआप पंक्चर झाली.” ते गंभीरपणे त्याला कोणत्या रस्त्याने आला ते विचारत आणि तोही मग नाइलाजाने खरा रस्ता सांगे.

प्रोग्रामचे काम फोटो स्वच्छ करण्याचे होते. आमच्या पानावर रोज निधनवार्ता असत आणि त्यांच्यासोबत पासपोर्ट आकाराचे फोटो. गावोगावच्या स्टुडिओंत तेव्हा जाळीदार कागदावर फोटो छापून देत. हातात घेतला तर ती जाळी शोभून दिसे. स्कॅन केला की चेहराभर ठिपके उमटत आणि वर्तमानपत्रात तो चेहरा डांबर फासल्यासारखा येई. ती जाळी काढून चेहरा मोकळा करणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. पहिला प्रोग्राम एका फोटोला दीड मिनिट घेई. पानावर वीस फोटो असले की अर्धा तास जाई. मग त्यांनी तो पुन्हा लिहिला, तेव्हा एक फोटो पंधरा सेकंदांत होऊ लागला. पहिला प्रोग्राम कधी बंद पडला नाही. हा दुसरा मधूनच पडत असे.

यातले तांत्रिक मी त्यांच्याकडूनच शिकलो. संगणकाच्या स्मृतीतल्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो. पहिला प्रोग्राम फोटोतला एकेक ठिपका उचलून त्यावर काम करी. नव्या प्रोसेसरला सोळा ठिपके एकाच वेळी उचलता येत. अट एवढीच की, उचलायची सुरुवात सोळाने भाग जाणाऱ्या जागेवरूनच व्हायला हवी. संगणकाच्या मोजणीत अशा जागेच्या क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य असतो. तो शून्य नसला तर प्रोसेसर काम नाकारतो आणि प्रोग्राम त्याच क्षणी संपतो. फोटो अर्धवट राहतो. पडद्यावर एक ओळ येते, तीत त्या जागेचा क्रमांक असतो. वहीतला शेवटचा अंक तो होता.

दोन ऑपरेटरांपैकी सुनंदाताई लाखनीकडच्या, धानाच्या घरातल्या. त्यांना समजावताना सरांनी धानाची रोपे लावण्याचे, रोवणीचे, उदाहरण घेतले होते.

“सोळा बाया एका दोरीवर उभ्या आहेत. दोरीले गाठी आहेत. पहिली बाई गाठीवर उभी असली तर सोळाही जणी एका वख्ती वाकतात. ती बोटभर सरकली, तर एकही वाकत नाही. सोळाही जणी बांधीतून निघून घरी जातात.”

“असल्या बायाईले आमच्या गावात कोणी रोवणीले नेत नाही सर,” सुनंदाताई म्हणाल्या.

ते हसले नाहीत. बरोबर आहे, पण यांच्याइतकी भरभर रोवणी दुसरे कोणी करत नाही, असे त्यांनी सांगितले.

सोपा उपाय होता आणि तो त्यांना माहीत होता. प्रोसेसरला दुसरी एक आज्ञा देता येत होती. तिच्यात सुरुवात कुठूनही चालली असती, वेळ थोडा जास्त गेला असता. ही माहिती त्यांनीच मला दिली. मग ती आज्ञा का वापरत नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “पडणं थांबन. पण काहून पडत होता ते मले कधीच समजणार नाही.” त्यांना पान वेळेवर जाण्यात रस नव्हता असे नाही. पण दोन गोष्टींत त्यांनी मनाशी क्रम लावलेला होता आणि तो आमच्या क्रमाच्या उलट होता.

वहीतले शेवटचे अंक तीनच प्रकारचे होते. चार, आठ किंवा सी. संगणकाची मोजणी नऊनंतर अक्षरांवर जाते, त्यातला हा सी. दुसरा कोणताही अंक कधी आला नाही. यावरून त्यांनी असे ठरवले की दोषी दोन आहेत. आठ अंक येतो तेव्हा स्मृती वाटून देणारी यंत्रणा चुकते. चार आणि सी येतात तेव्हा कंपायलर, म्हणजे त्यांनी लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत बदलून देणारा प्रोग्राम, कुठेतरी जागा सरकवतो. वर्षभर ते या दोघांच्या मागे होते. एकदा त्यांनी मध्ये एक साधी ओळ घातली, पडद्यावर ‘इथवर आलो’ असे छापणारी, आणि तीन दिवस प्रोग्राम पडला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी सांभारवडी आणली. ती खात असताना बाहेरून सुनंदाताईंचा आवाज आला, “सर, पडला.” त्यांनी हातातली बशी गठ्ठ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच तिथे होती, मुंग्या लागलेली.

फोटोची रुंदी त्यांनी वहीत कधी लिहिली नाही, कारण ती ठरलेली होती. ती त्यांनीच ठरवली होती. स्कॅनरवर एका वेळी एकच फोटो, मधोमध ठेवायचा, अशी चिठ्ठी त्यांनी स्कॅनरच्या झाकणावर चिकटवली होती. तसा ठेवला की फोटो नेमक्या मापाचा तयार होई, आणि ते माप सोळाने भाग जाणारे होते. म्हणजे फोटोची प्रत्येक ओळ गाठीवर सुरू होणार.

आम्ही स्कॅनरवर एका वेळी सहा फोटो ठेवत होतो.

ही कल्पना माझी होती. तो स्कॅनर एका फेरीला मिनिटभर घेई, मग त्यावर एक फोटो असो की सहा. साडेपाचला फोटो येत आणि सातला पान जायचे असे. घाई असेल त्या दिवशी सहा फोटो काचेवर मांडायचे, एकदाच स्कॅन करायचे आणि पडद्यावर चौकट ओढून एकेक चेहरा कापून घ्यायचा, असे मी दोन्ही ऑपरेटरांना सांगितले. सरांना सांगू नका, ते तासभर वाद घालतील आणि पान राहील, हेही सांगितले. हाताने ओढलेल्या चौकटीची रुंदी कितीही येई. कधी प्रोग्राम चाले, बहुतेक वेळा पडे. पडला की त्याच चेहऱ्याभोवती पुन्हा थोडी लहानमोठी चौकट ओढून त्याच नावाने फाईल ठेवायची. तीन-चार वेळा कापले की एकदा चालतो, हे ऑपरेटरांना अनुभवाने कळले होते. का, ते कोणी विचारले नाही. मलाही त्यांच्या अडचणीचा आणि आमच्या चौकटीचा संबंध तेव्हा दिसला नाही. मी तो पाहायला बसलो नाही, असे म्हणणे जास्त बरोबर होईल.

पडला की सर मागच्या खोलीतून येत. तेवढ्यात सुनंदाताई झाकण उचलून बाकीचे पाच फोटो पत्ते गोळा करावे तसे उचलून घेत. सर विचारत, काय केलं होतं? उत्तर ठरलेले असे: काहीच नाही केलं सर, लावला अन् पडला. पडलेली फाईल तोवर त्याच नावाच्या नव्या फाईलने पुसली गेलेली असे. ते मूळ फोटो मागून नेत, आपल्या नियमाप्रमाणे काचेच्या मधोमध ठेवून स्कॅन करत, आणि प्रोग्राम बिनतक्रार चाले.

वही अशा रीतीने जिल्ह्यातल्या मृतांची यादी होत गेली. ते नोंदींना नंबर देत नसत. ‘पवनीच्या आजी’, ‘कोष्टी गुरुजी’, ‘पुलाजवळचा मुलगा’ अशी नावे लिहीत. ज्यांचा फोटो परत गेलेला असे, त्यांच्या घरी ते रविवारी जात आणि तो फोटो पुन्हा मागून आणत. एकदा त्यांच्यासोबत मी बपेऱ्याला गेलो. मला तुमसरला काम होते आणि बस एकच होती. बपेऱ्याचे एक निवृत्त शिक्षक वारले होते आणि त्यांच्या फोटोवर प्रोग्राम पडला होता, अंक सी.

घरच्यांना वाटले, पेपरवाले सांत्वनाला आले. ओसरीवर सतरंजी टाकली गेली. मुलाने वडिलांच्या नोकरीची हकिगत सांगितली, सुनेने जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. सर पानावरून उठले, हात धुतले आणि खिशातून सहा इंची पट्टी काढून गुरुजींचा फोटो मोजू लागले. उंची, रुंदी, कोपरे. गुरुजींची पत्नी दाराशी बसून ते पाहत होती.

“हा फोटो कोणी कापला होता का, माय?” त्यांनी विचारले.

“आमी कायले कापू जी?” ती म्हणाली. “त्याईचा येकच फोटो होता.”

तो फोटो सुनंदाताईंनी पडद्यावर चार वेळा कापला होता. त्या वेळी मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो आणि लवकर आटपा म्हणत होतो. ओसरीवर मी मुलाला गुरुजींच्या बदल्यांची गावे विचारली आणि ती टिपून घेतली. परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसून फोटो छातीच्या खिशावर हात ठेवून सांभाळत होते. पुढच्या रविवारी ते तो परत द्यायला पुन्हा बपेऱ्याला गेले. मधल्या आठवड्यात त्यांनी तो सोळा वेळा चालवून पाहिला होता. एकदाही पडला नाही. आल्यावर ते एवढेच म्हणाले की, मास्तरांच्या घरी पुन्हा जेवावे लागले.

दीड वर्षाने नागपूरहून कळवण्यात आले की जिल्ह्यांची पाने जिल्ह्यात जुळवणे चालू ठेवायचे की नाही, ते ठरवायचे आहे. एक अधिकारी आठवडाभर येऊन बसतील. पान सातला गेले आणि नीट गेले तर इथले काम राहील. नाही तर सगळे नागपूरहून होईल. ऑपरेटरांना दुसरीकडे सामावून घेता येणार होते. सरांना नाही. हे सगळ्यांना माहीत होते आणि त्यांनाही. त्या आठवड्यापुरता जुना, संथ प्रोग्राम लावू या, असे मी सुचवले. फोटो वीस आणि वेळ अपुरा, ते शक्य नाही, हे त्यांनी मला आकडेमोड करून दाखवले. एका वेळी एकच फोटो स्कॅन करायचा नियम पाळला जातो, असे धरून ती आकडेमोड होती.

पहिले तीन दिवस पान वेळेवर गेले. चौथ्या दिवशी, गुरुवारी, शहापूरच्या एका बाईंची निधनवार्ता होती. रविवारी होणाऱ्या पुण्यानुमोदनाचे निमंत्रणही तीत होते. फोटो इतर पाच फोटोंसोबत काचेवर गेला. प्रोग्राम पडला. सुनंदाताईंनी पुन्हा कापला, पुन्हा पडला. पाचव्यांदा पडला तेव्हा सातला सहा मिनिटे होती. सर मागच्या खोलीत पान पाठवायला नागपूरची तार जोडत होते; अंक सुनंदाताईंनी त्यांना जागेवरूनच सांगितला. नागपूरचे अधिकारी घड्याळाखालच्या खुर्चीत बसले होते.

आमच्याकडे पान रोज नव्याने मांडत नसत. कालचेच पान उघडून त्यातला मजकूर आणि फोटो बदलत. शहापूरच्या बाईंचे नाव, गाव, वय, वेळ, सगळे बदलले गेले होते. चौकटीत फोटो आदल्या दिवशीचा होता, मोहाडीकडच्या दुसऱ्या एका बाईंचा. सहावा प्रयत्न चालला असेल आणि सुनंदाताईंनी तो फोटो पानावर टाकला असेल, असे समजून मी पान पाहिले. नावांतले काने-मात्रे तपासले. चेहऱ्यांची मला ओळख नव्हती. सातला दोन मिनिटे असताना पान गेले.

सकाळी दहाला बाईंचा मुलगा आला. पस्तिशीचा माणूस, पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला अंक. तो मोठ्याने बोलला नाही. अंक टेबलावर उलगडून त्याने बोट ठेवले.

“हे माही माय नाही.”

मी पाहिले. नागपूरचे अधिकारीही पाहायला उठले.

“रविवारी लोकं पेपर वाचून येतीन,” तो म्हणाला. “बाहेरगावचे, ज्याईनं मायले पंधरा-पंधरा वर्षं पाहिलं नाही, ते. ते कोणाचा चेहरा मनात धरून येतीन?”

सर मागच्या खोलीतून येऊन दारात उभे राहिले होते. किती वेळ ते सांगता येत नाही. ते पुढे आले आणि त्या माणसासमोर हात जोडले.

“चूक माही आहे भाऊ. माह्या प्रोग्रामची. तुमच्या मायचा फोटो त्यानं घेतला नाही.”

“मशीनले का समजते जी,” तो माणूस म्हणाला. त्याला भांडायचेही नव्हते. “तुमी तर माणसं होते ना इथं.”

सरांनी त्याच्याकडे फोटो मागितला. एकदा पाहू द्या, म्हणाले. त्याने दिला नाही. आईचा फोटो शर्टाच्या खिशात परत ठेवून तो गेला.

मग सर माझ्याकडे वळले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. काय केलं होतं?

टेबलाशी आम्ही चौघे होतो. नागपूरचे अधिकारी, सुनंदाताई, ते आणि मी. सुनंदाताई माझ्याकडे पाहत होत्या.

“काही नाही,” मी म्हणालो. “आपोआप बंद पडला.”

त्यांनी मला वाक्य पुन्हा म्हणायला लावले नाही. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी वहीत नोंद केली. शहापूरच्या बाई, शेवटचा अंक चार.

दुसऱ्या दिवशी खऱ्या फोटोसह दिलगिरी छापली. ती मी लिहिली. ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हा शब्दप्रयोग माझा. नागपूरला गेलेल्या अहवालातही तो तसाच उचलला गेला. महिन्याभरात पाने जुळवण्याचे काम नागपूरला गेले. शेवटच्या दिवशी सरांनी पडलेल्या फोटोंच्या फाईली मागितल्या. त्या नव्हत्या. जुना संगणक कोणाला नको होता, तो त्यांनी मागून घेतला. वही त्यांचीच होती.

सात वर्षांनी मी पवनी तालुक्यात धान खरेदीच्या बातमीसाठी फिरत असताना कोंढ्याला त्यांचे घर लागले. रस्त्याकडेला समोरच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्ज भरून देण्याचे काम चालत होते. ते काम पत्नी पाहत होत्या. सर आतल्या खोलीत होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर तोच जुना संगणक आणि शेजारी स्कॅनर. स्कॅनरच्या झाकणावर तीच सूचना नव्या कागदावर लिहून चिकटवलेली होती. केस पांढरे झाले होते. वरची गुंडी लावलेली होती.

ते काय करतात ते पत्नीने बाहेरच सांगितले होते, चेष्टा नाही आणि तक्रार नाही अशा आवाजात. समोरच्या खोलीत अर्जासाठी जितके फोटो येतात, तितके ते आत नेतात आणि एकेक करून त्या प्रोग्राममधून काढतात. तो पडावा म्हणून. सात वर्षांत तो एकदाही पडला नव्हता. “दिसभर तेच करून राह्यते,” त्या म्हणाल्या. “मी संध्याकाळी चहा नेते अन् विचारते, पडला का जी? नाही म्हणते.”

मी त्यांना सांगितले. बसण्याआधीच सांगितले, नाही तर बसल्यावर सांगितले नसते. सहा फोटो, पडद्यावरची चौकट, पुन्हा पुन्हा कापणे, त्याच नावाची फाईल.

त्यांनी प्रश्न विचारले. एका वेळी किती? कापायचे कोण? मापाची पट्टी लावून की नजरेने? पहिल्या दिवसापासून? कोणी सांगितले होते? मी प्रत्येकाचे उत्तर दिले. त्यांच्या आवाजात चढउतार नव्हता. इतकी वर्षे मी लोकांना असेच प्रश्न विचारत आलो होतो.

मग त्यांनी अर्जांच्या ढिगातून दोन फोटो घेतले. झाकणावरचा कागद न वाचताच झाकण उचलले आणि दोन्ही फोटो काचेवर शेजारी ठेवले. एका मुलीच्या चेहऱ्याभोवती नजरेने चौकट ओढली. प्रोग्राम चालवला. तो पडला. शेवटचा अंक आठ.

चौकट किंचित लहान केली. पडला. चार. आणखी लहान केली. सी. चौथ्यांदा चालला, आणि पडद्यावर त्या मुलीचा स्वच्छ, जाळी नसलेला चेहरा आला.

मग त्यांनी मला समजावले, समोर ऑपरेटर बसलेली असावी तसे. फाईलमधली प्रत्येक ओळ चाराने भाग जाईल इतकी भरून घेतात. म्हणून चार, आठ, सी किंवा शून्य, यापलीकडे काही येणारच नाही. चारातून एकदा शून्य. दोषी दोन नव्हतेच. फोटो आत घेताना रुंदी पाहायची आणि सोळाला कमी पडेल तेवढी भर घालायची. प्रोग्राममध्ये एक ओळ.

“एक ओळ,” ते पुन्हा म्हणाले. “शहापूरच्या बाईचा फोटो किती रुंद कापला होता?”

मला माहीत नव्हते. कोणालाच माहीत नव्हते. त्या फाईली उरल्या नव्हत्या.

त्यांनी कपाटातून वही काढली आणि शहापूरच्या बाईंचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले. पेन दिले. कारणाच्या रकान्यात मी लिहिले: फोटोची रुंदी सोळाने भाग न जाणारी. त्यांनी वाचले.

“कोणं, ते राहिलं,” ते म्हणाले. “तुमच्या बातमीत असते ना, कोणं?”

मी त्याखाली माझे नाव लिहिले. पूर्ण, आडनावासह. वही त्यांनी आपल्याकडे वळवून घेतली, पेन मागितले आणि माझ्या नावाखाली आणखी एक ओळ लिहिली: रुंदी तपासली नाही. त्यापुढे स्वतःचे नाव. मग शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली. बाकीच्या तीस पानांकडे ते गेले नाहीत.

पडद्यावरची मुलगी त्यांनी बंद केली. ती एक ओळ त्यांनी प्रोग्राममध्ये माझ्यासमोर घातली नाही. झाकण उचलून दोन्ही फोटो काढले, कडा जुळवून त्यांच्या अर्जांना परत टाचले. नंतर त्यातलाच एक सोडवून पुन्हा घेतला आणि काचेवर ठेवला. एकटा, मधोमध.

पत्नी चहाचे तीन कप घेऊन आत आल्या. कप ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहून थोडे हसत विचारले, “पडला का जी आज?”

प्रोग्राम चालू होता. सरांची पाठ आमच्याकडे होती.

“नाही,” ते म्हणाले. “आज बी नाही.”